चूक दुसऱ्याची असली तरी जीव आपला
सावध वाहनचालनाचे काही धडे

२४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळीकडून वर्ध्याकडे येणारी एक मोटार सेलसुऱ्याजवळ पुलावरून खाली कोसळली. गाडीत सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी होते. सातही जण गेले. रस्त्यावर अचानक जंगली जनावर आडवे आल्याने चालकाचा ताबा सुटला असावा, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी सांगितला गेला. उद्या जे आपल्या माणसांना वाचवणार होते, ती मुले एका क्षणात संपली.

पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२३ च्या पहाटेआधी, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस प्रवासी दगावले. त्यांत आपल्या वर्धा जिल्ह्याचीही माणसे होती. कोणी शिकायला, कोणी नोकरीवर निघाले होते.

या दोन बातम्या सगळ्यांना आठवतात, कारण त्या मोठ्या होत्या. पण गावोगावी जे घडते ते पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. दुचाकीस्वार ठार, कापसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, रोही आडवा आल्याने दोघे जखमी. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे तासाला एकोणीस. मेलेल्यांत शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे होते.

आरोग्याच्या पानावर रस्त्याचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. मधुमेह, रक्तदाब हे आजार बहुतेक वेळा उतारवयात गाठतात. रस्ता मात्र घरातला कमावता माणूस आणि शिकणारी मुले उचलतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचले आहे, त्या घरातला तो मुलगा किंवा ती मुलगी रोज गावाहून वर्ध्याला, हिंगणघाटला किंवा आर्वीला दुचाकीने जाते-येते. तिथे एक अपघात झाला की दवाखान्याचे कर्ज होते, एकर-दोन एकर विकले जाते आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबते. म्हणून हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि घराच्या उभारणीचाही.

सावध वाहनचालन म्हणजे काय

आपल्याकडे अपघात झाला की पहिला प्रश्न असतो, "चूक कोणाची?" पंचनाम्यासाठी, विम्यासाठी आणि न्यायालयासाठी तो प्रश्न महत्त्वाचा आहे. पण ज्याच्या डोक्याला मार लागला त्याला चूक दुसऱ्याची निघाल्याने काही मिळत नाही. आपण बरोबर बाजूने चाललो होतो, हे खरे असूनही माणूस मरतो.

डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणतात त्याचा अर्थ इतकाच आहे: रस्त्यावरचा दुसरा माणूस चुकणार, असे आधीच धरून चालायचे आणि त्याची चूक पोटात घेता येईल एवढी जागा आणि एवढा वेळ आपल्या हाती ठेवायचा. समोरचा हात न दाखवता वळेल. बंडीला दिवा नसेल. कुत्रे आडवे येईल. पोरगा चेंडूमागे धावत रस्त्यावर येईल. हे सगळे होणारच आहे. ते होईल तेव्हा आपल्याला थांबता आले पाहिजे.

याला भित्रेपणा म्हणू नये. चांगला गवंडी परात बांधताना दोर तुटणार नाही असे धरून चालत नाही, तो खाली कोणाला उभे राहू देत नाही. रस्त्यावरचे शहाणपणही तसेच आहे.

धडा पहिला: वेग म्हणजे विहिरीची खोली

स्पीडोमीटरचा काटा चाळीसवर आहे की साठवर, यातला फरक डोक्यात भरत नाही. म्हणून तो विहिरीच्या मापाने समजून घेऊ.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाऊन भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे २० फूट खोल कोरड्या विहिरीत पडणे. ताशी ६० ने आदळणे म्हणजे सुमारे ४६ फूट विहिरीत पडणे. ताशी ८० असेल तर विहीर ८२ फूट होते. वेग दुप्पट झाला की विहीर चौपट खोल होते. आपल्या शेतातल्या विहिरीच्या काठावर उभे राहून एकदा खाली पाहा. मोटारसायकलवर साठने जाताना आपण रोज त्या काठावरून जात असतो.

दुसरी गोष्ट थांबायच्या अंतराची. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत चांगल्या, जाग्या माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी पुढे जातच असते. मग ब्रेक लागतो आणि गाडी आणखी काही अंतर घेते. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर हिशेब असा बसतो:

ताशी ४० वेगाला थांबायला सुमारे २० मीटर लागतात.
ताशी ६० वेगाला सुमारे ३८ मीटर.
ताशी ८० वेगाला सुमारे ६० मीटर.

रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत असेल, मागे दोघे आणि पुढे पोते असेल, तर अंतर यापेक्षा बरेच वाढते. माणूस थकलेला असेल, मोबाइलकडे पाहत असेल, तर एका सेकंदाचे दोन होतात. ताशी ८० ला त्या जादा एका सेकंदातच गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. पहिल्या पावसाच्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून चिकट थर तयार होतो. जूनमधला तो पहिला आठवडा म्हणून फार जपायचा.

धडा दुसरा: पुढच्या गाडीपासून तीन सेकंद

किती अंतर ठेवावे, हे मीटरमध्ये मोजता येत नाही. सेकंदात मोजता येते. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा झाडाजवळून गेली की मनात मोजायला लागा: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तीन पुरे होण्याआधीच आपण त्या खांबाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. वेग थोडा कमी करा. पाऊस, धुके किंवा रात्र असेल तर चार-पाच सेकंद ठेवा. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या रस्त्यांवर सकाळी धुके असते, तेव्हा हा हिशेब विसरू नये.

कोणी म्हणेल, एवढी जागा ठेवली तर दुसरा मध्ये घुसतो. घुसू द्या. पुन्हा तीन सेकंद मागे व्हा. वर्ध्याहून हिंगणघाटला पोचेपर्यंत दहा जण मध्ये घुसले तरी आपला उशीर एखाद्या मिनिटाचाही होत नाही.

कोणी मागून अगदी चिकटून येत असेल, तर त्याच्याशी चढाओढ करू नये. हळूहळू वेग कमी करून डावीकडे व्हावे आणि त्याला पुढे जाऊ द्यावे. घाई त्याला आहे, आपल्याला नाही.

धडा तिसरा: दिव्याच्या उजेडापुरताच वेग

मोटारसायकलच्या खालच्या झोताचा उजेड साधारण तीस-चाळीस मीटर पुढे पडतो. ताशी ६० ला थांबायला ३८ मीटर लागतात, हे आपण पाहिलेच. म्हणजे रात्री साठने जाणारा माणूस उजेडाच्या अगदी टोकावर गाडी चालवत असतो. ऐंशीने जाणारा तर आंधळाच चाललेला असतो. समोर काही दिसेल तेव्हा थांबायची वेळ निघून गेलेली असते. रात्री दुचाकीसाठी चाळीस-पंचेचाळीस हा वेग त्या हिशेबातून येतो.

आपल्या जिल्ह्यात रात्री रस्त्यावर काय असते, हे आपल्याला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. बोरच्या जंगलाच्या बाजूला, सेलू, आर्वी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांत रोही आणि रानडुकरे सर्रास रस्ता ओलांडतात. सोयाबीन निघाले, कापूस फुटला, हरभरा वर आला की शेताकडची ये-जा वाढते. या जनावरांबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या.

एक, जनावर एकटे नसते. एक रोही गेला म्हणून ॲक्सिलरेटर पिळू नये, मागून दुसरा आणि तिसरा येतो.

दोन, जनावर दिसताच हँडल किंवा स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, दाबत दाबत लावावे. जनावर चुकवायच्या झटक्यात गाडी पुलाखाली, झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर जाते.

तीन, वरचा झोत डोळ्यांवर पडला की जनावर जागीच थिजते. वेग कमी करून, झोत खाली घेऊन, हॉर्न वाजवून त्याला निघून जायला वेळ द्यावा.

आणि हेही खरे की ऐंशीच्या वेगात यांतली एकही युक्ती चालत नाही. वेग आधीच कमी असेल तरच या तीन गोष्टी उपयोगाच्या.

जनावराइतकाच धोका दिवा नसलेल्या बंडीचा आणि ट्रॉलीचा. कापूस भरलेली ट्रॉली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुगलेली असते, मागचा दिवा कापसाखाली झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर पडतो तेव्हा दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच बंडी पुढे येते. झोत अंगावर आला की त्याच्याकडे पाहू नये. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी आणि ॲक्सिलरेटर सोडावा.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, ट्रॉली, बंडी किंवा सायकल आहे त्यांना एक विनंती. लाल रेडियमची पट्टी फार थोड्या पैशांत मिळते. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना, बंडीच्या मागच्या दांड्यांवर आणि मुलांच्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर ती आजच चिकटवा. बिघडलेली ट्रॉली रस्त्यावर सोडायचीच वेळ आली तर नुसते दगड ठेवून जाऊ नका. दगड रात्री दिसत नाहीत, आणि ट्रॉली निघाल्यावर ते तिथेच राहतात.

धडा चौथा: समोरचा चुकणार, असे कुठे धरायचे

सगळीकडे सारखे सावध राहणे माणसाला जमत नाही. म्हणून काही जागा मनाशी ठरवून ठेवाव्या, तिथे ॲक्सिलरेटर आपोआप कमी झाला पाहिजे.

गावचा फाटा: आतला रस्ता महामार्गाला मिळतो तिथे गावातला माणूस सवयीने न पाहता वर चढतो. महामार्गावरून जाताना फाटा आला की वेग कमी. फाट्यावरून वर चढताना पूर्ण थांबून आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायचे.

दुभाजकातली फट: नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून एक नवी खोड आपल्याला लागली आहे. पुढच्या वळणापर्यंत जायला नको म्हणून उलट दिशेने गाडी घालायची. वाचतात दोन मिनिटे. समोरून येणारा ऐंशीने आणि आपण चाळीसने असलो, तर दोघांमधले अंतर ताशी १२० ने संपत असते. उलट दिशेने कोणी येणारच, असे धरून कडेची पट्टीही रिकामी समजू नये. आणि आपण स्वतः ते कधीही करू नये.

ट्रक आणि एसटी: ट्रकच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. डाव्या बाजूने मोठ्या गाडीला कधीच ओलांडू नये. ती डावीकडे वळली की दुचाकी मागच्या चाकाखाली जाते. थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार, हेही धरूनच चालावे.

वळण आणि चढ: पलीकडचे दिसत नसेल तर ओलांडायचे नाही. समोरचा ट्रकवाला इंडिकेटर देऊन "जा" म्हणतो, पण तो उजवीकडे वळणार असाही त्या इंडिकेटरचा अर्थ असू शकतो. आपल्या डोळ्यांना रस्ता रिकामा दिसेपर्यंत मागे राहावे.

धडा पाचवा: हेल्मेट डोक्यात, हँडलला नाही

२०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे देशात रस्त्यावर मेली. त्यांतली चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर इजेचा धोका साधारण दोन तृतीयांशाने आणि मृत्यूचा धोका चाळीस टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. कोणत्याही औषधाचा एवढा गुण क्वचित येतो.

मोडलेला पाय जुळतो. मेंदूला लागलेला मार मात्र अनेकदा कायमचा राहतो. माणूस वाचला तरी बोलणे अडखळते, विसर पडतो, राग अनावर होतो, फिट येते. घरच्यांना जन्मभर त्याच्याजवळ बसावे लागते.

आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट घ्यावे. रस्त्याच्या कडेला मिळणारी प्लास्टिकची टोपी पोलिसांपासून वाचवते, डांबरापासून नाही. पट्टा लावलेला नसेल तर पहिल्याच धक्क्याला हेल्मेट उडून जाते. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतकाच सैल असावा. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.

कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवे, मागे बसणाऱ्यालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट, चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम आहे. पण आपल्याकडे काय दिसते? घरात हेल्मेट एकच आणि ते वडिलांच्या डोक्यात. मागे आई, मध्ये लेकरू, दोघेही उघडे. घरात दुसरे हेल्मेट घेतले पाहिजे, आणि ते आधी आईसाठी.

मागे बसणाऱ्या भगिनींनी आणखी एक जपावे. पदर आणि ओढणी कमरेला खोचून घ्यावी. चाकात गेलेली ओढणी गळ्याला फास लावते. साडीगार्ड काढून टाकू नये. एका बाजूला बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे अधिक सुरक्षित आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

धडा सहावा: गाडी आधी की शरीर आधी

आपण टायरची हवा पाहतो, चेनला तेल देतो. चालवणाऱ्याच्या शरीराकडे मात्र कोणी पाहत नाही.

झोप: रात्री बारा ते पहाटे सहा आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार, या वेळी शरीर झोप मागते. डोळे जड होणे, वारंवार जांभई, मागचे दोन किलोमीटर कसे गेले हे न आठवणे, गाडी पट्टीकडे सरकणे, ही लक्षणे आहेत. तोंडावर पाणी मारून किंवा खिडकी उघडून झोप जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटे झोपणे आणि चहा घेणे, हाच उपाय. समृद्धीसारख्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर ही गुंगी लवकर येते. तिथे दर दोन तासांनी थांबलेच पाहिजे.

दारू: आपल्या जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते, हे सांगायला नको. जिल्ह्याची सीमा ओलांडून पिऊन रात्री गाडी चालवत परत येणारेही आहेत. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा आहे. पण त्याहून कमी असले तरी अंतराचा अंदाज चुकतोच. पाचवे शील आपण सगळे म्हणतो. ते म्हणणाऱ्याने निदान प्यालेल्या माणसाच्या मागे बसू नये आणि त्याच्या हातातून किल्ली काढून घ्यावी.

औषधे: सर्दी-खाज यांच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. गोळी घेताना "यावर गाडी चालवली तर चालेल का?" हे डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी गाडी काढू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज बिस्किटे ठेवावी. हात थरथरला, घाम फुटला तर आधी थांबावे आणि गोड खावे. फिटचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नये.

डोळे: चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासावे. समोरच्या दिव्याभोवती वलय दिसत असेल, रात्रीचे धूसर दिसत असेल तर मोतीबिंदू असू शकतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत रात्री गाडी बंद.

धडा सातवा: सगळे मिळून जाताना

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, १४ एप्रिलच्या मिरवणुकीला, गावाबाहेरच्या परिषदांना आपण घोळक्याने जातो. सोयाबीनचा हंगाम, थकलेली माणसे, आणि परतीची वेळ बहुधा रात्रीची. त्या दिवशी नागपूर रस्त्यावर दुचाकींच्या रांगा लागतात.

आधी ठरवून जावे. एका दुचाकीवर दोनच. मालवाहू टेम्पोत माणसे उभी करून नेऊ नये. चार घरे मिळून एसटी धरली किंवा गाडी भाड्याने घेतली तर खर्चही फार वाढत नाही. भाड्याच्या गाडीचा चालक किती तासांपासून जागा आहे, हे निघण्याआधी स्पष्ट विचारावे. तो दिवसभर गाडीवरच असेल तर रात्री तिथेच थांबून पहाटे उजेड झाल्यावर निघावे. दुचाकींनी एका ओळीत, अंतर ठेवून चालावे. शेजारी-शेजारी बोलत जाऊ नये. झेंडा हातात धरून गाडी चालवू नये.

खासगी बसने लांब जाताना बसल्याबरोबर दोन गोष्टी पाहून ठेवाव्या: संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कोठे आहे आणि काच फोडायचा हातोडा कोठे आहे. सिंदखेडराजाजवळची बस दाराच्या बाजूवर पडली, म्हणून दार बंद झाले. जे वाचले ते काचा फोडून बाहेर आले. मोटारीत मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा.

मुलाच्या हाती किल्ली

अकरावी-बारावीतला मुलगा शिकवणीला जातो म्हणून गाडी देतात. गियरची गाडी चालवायला १८ वर्षे पुरी हवीत. अल्पवयीन मुलाने अपघात केला तर पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. गाडीचा विमा संपला असेल, तर ज्याला लागले त्याची भरपाई घरातून द्यावी लागते. विम्याची तारीख आज रात्री काढून पाहा.

त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की मुलगा आपले ऐकून नव्हे, आपल्याला पाहून शिकतो. वडील फोनवर बोलत चालवत असतील तर मुलगाही तेच करणार.

अपघात दिसला तर

अपघातानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम, सावंगी आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ही मोठी रुग्णालये वर्धा शहराच्या आसपास आहेत. आष्टी किंवा कारंजाकडच्या जखमीला तिथे पोचायला वेळ लागतो. म्हणून जागेवरची मदत आणि लवकर केलेला फोन महत्त्वाचा.

आधी स्वतः सुरक्षित राहा. आपली गाडी कडेला, दिवे चालू. दोघांना मागे दूर उभे करून येणाऱ्या गाड्यांना मोबाइलच्या उजेडाने सावध करा. बघ्यांच्या गर्दीवर दुसरी गाडी आल्याची उदाहरणे आहेत.

१०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. ११२ वरही मदत मिळते. गावाचे नाव, फाटा किंवा किलोमीटरचा दगड सांगा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून घट्ट दाबून धरा. भिजले तर वरून दुसरे कापड ठेवा, खालचे काढू नका.

जखमीला ओढून बसवू नका, मान हलवू नका. आग किंवा पाण्याचा धोका असेल तरच डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून हलवा. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका, फक्त काच वर करा. उलटी होत असेल तर डोके आणि धड एकत्र धरून कुशीवर वळवा.

पाणी, चहा काही पाजू नका. शुद्ध कमी असेल तर ते फुप्फुसात जाते.

पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची तरतूद झाली आहे. दवाखान्यात पोचताच त्याबद्दल विचारा.

या रविवारी करायचे काम

हा लेख नुसता वाचून ठेवू नये. रविवारी विहारात किंवा चावडीवर जमाल तेव्हा एक तास यासाठी द्या. चुन्याने रस्त्याच्या कडेला २०, ३८ आणि ६० मीटरच्या खुणा करा आणि पोरांना त्या चालत जायला सांगा. साठच्या वेगाची गाडी थांबायला किती दूर जाते, ते पायांना कळेल. गावातल्या ट्रॉल्यांना रेडियम लावा. गावच्या हद्दीत कोणत्या फाट्यावर, कोणत्या पुलावर अपघात झाले, त्याची यादी करा आणि तिथे फलक, गतिरोधक, दिवे यांसाठी ग्रामसभेत ठराव मांडून बांधकाम विभागाकडे अर्ज द्या. रस्ता सुरक्षित करणे हे सरकारचे काम आहे आणि ते मागणे हा आपला हक्क आहे. पण तो रस्ता सुधारेपर्यंत घरचा माणूस रोज त्याच रस्त्याने जाणार आहे.

म्हणून उद्या सकाळी घरातले कोणी गाडीला किक मारील, तेव्हा "सांभाळून जा" एवढेच म्हणू नका. ते तर आपण रोज म्हणतो. हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने लावून द्या आणि सांगा, "दहा मिनिटं उशिरा आलास तरी चालेल."